बिनतारी पेटीची आवक-जावक



कोणत्याही सरकारी कचेरीत गेलात तर दाराजवळच्या मेजावर दोन जाड वह्या ठेवलेल्या असत. एकीवर लिहिलेले असे ‘आवक’ आणि दुसरीवर ‘जावक’. बाहेरून आलेला कागद पहिलीत चढायचा, कचेरीतून निघालेला हुकूम दुसरीत. आता पुष्कळ ठिकाणी या वह्या संगणकात गेल्या. पण रीत तीच राहिली आहे. आत बसलेले साहेब कितीही हुशार असोत, आवकच चुकीची चढली तर हुकूमही चुकीचाच निघायचा.

आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे, त्याच्या पोटातही अशाच दोन वह्या असतात. हे यंत्र म्हणजे कारखान्यांत, पाणीपुरवठ्यात, कालव्यांवर वापरतात ती बिनतारी पेटी. ही पेटीसुद्धा रेडिओच. पण ती गाणी ऐकवीत नाही आणि बातम्याही देत नाही. ती फक्त निरोप नेते. ‘टाकी भरली’, ‘पंप चालू कर’, ‘पाणी अडीच मीटर आहे’, असले दोन-चार शब्दांचे निरोप. तिच्यात निरोप शिरतो त्या टोकांना आपण आवक म्हणू, आणि निरोपाप्रमाणे काम करवून घेणाऱ्या टोकांना जावक म्हणू. इंग्रजी शब्द इनपुट आणि आउटपुट. हे शब्द आता आपल्या तंत्रज्ञांच्या तोंडी रुळलेले आहेतच.

एक लहानसे गाव डोळ्यांसमोर आणा. नदीकाठी जॅकवेल आहे, तिच्यावर पंप आहे. तेथून चार किलोमीटरवर टेकडीच्या माथ्यावर दोन लाख लिटरची टाकी आहे. टाकी वर, पंप खाली. टाकीत पाणी किती आहे हे पंपाला कळावे कसे? पूर्वी एक माणूस वर आणि एक खाली असायचा. वरच्याने सायकल पिटाळायची किंवा फोन करायचा. फोन लागला नाही तर टाकी भरल्याची बातमी वाहणारे पाणीच गावाला सांगायचे! मग कोणी चार किलोमीटर तार टाकली. ती तार रस्ता खोदताना तुटे, वीज पडली की जळे, आणि तांब्याची असली तर चोरीलाही जाई. म्हणून आता एक पेटी टाकीवर आणि एक पंपघरात, अशी जोडी बसवतात. एकीला वरची पेटी आणि दुसरीला खालची पेटी म्हणू.

अशा यंत्रांसाठी आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ साली मोकळा झाला आणि २०२१ साली तो ८६८ पर्यंत वाढला. ठरलेल्या मर्यादेतली शक्ती वापरली तर वेगळा परवाना काढावा लागत नाही. मध्ये डोंगर किंवा इमारत आड येत नसेल आणि अँटेना उंचावर असेल, तर एका वॉटच्या आतल्या शक्तीवर चार किलोमीटर सहज गाठता येतात.

पेटी बसवायला गेलेली मंडळी आपले सगळे लक्ष या लहरींकडे देतात. अँटेना किती उंच, केबल किती लांब, सिग्नल किती येतो. ते पाहायला हवेच. पण लहर ही नुसती टपाल आहे. १८९५ साली जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारूही उडवली. लहर दोन्ही वेळा तीच. घंटा वाजायची की दारू उडायची, हे पलीकडे काय जोडले आहे यावर ठरत होते. म्हणून पेटीत खरा विचार करायचा तो आवकीचा आणि जावकीचा.

प्रथम आवक घेऊ. सर्वांत साधी आवक म्हणजे दोन तारा. त्या जुळल्या म्हणजे एक अर्थ, सुटल्या म्हणजे दुसरा. टाकीत एक फ्लोट टांगलेला असतो. पाणी चढले की तो वर येतो आणि आतला संपर्क बदलतो. आता पेटीला काय सांगायचे? तारा जुळल्या म्हणजे टाकी भरली, की तारा सुटल्या म्हणजे टाकी भरली? फ्लोट दोन्ही प्रकारे जोडता येतो आणि पेटीही दोन्ही प्रकारे समजून घेते. कागदावर दोन्ही सारखेच दिसते. पण श्रोतेहो, ते सारखे नाही.

समजा आपण ठरवले की तारा जुळल्या म्हणजे टाकी भरली. एके दिवशी उंदराने तार कुरतडली. आता टाकी काठोकाठ भरली, फ्लोट वर आला, संपर्कही जुळला. पण तार तुटलेली असल्यामुळे पेटीला काहीच कळत नाही. तिच्या लेखी टाकी अजून भरायचीच आहे. पंप चालूच.

उलट ठरवले तर? टाकी रिकामी असताना तारा जुळलेल्या, आणि भरली की सुटलेल्या. उंदराने तार कुरतडली की पेटीला वाटते टाकी भरली, आणि पंप बंद पडतो. गावाला पाणी येत नाही, लोक ओरडतात, पंपचालकाला शिव्या बसतात. पण कोणीतरी टाकीवर चढून पाहतो आणि तार जोडतो. पहिल्या जोडणीत बिघाड लपून राहतो, दुसरीत तो स्वतःहून दाराशी येऊन उभा राहतो. संकटाची सूचना देणाऱ्या आवकीचा हा नियम लक्षात ठेवावा: सारे काही ठीक असताना तारा जुळलेल्या असाव्यात.

आवकीची दुसरी गोष्ट लहान आहे, पण मोटारीचा जीव घेणारी आहे. टाकीत पाणी पडत असताना लाटा उठतात आणि फ्लोट खालीवर हेलकावे खातो. पेटीने प्रत्येक हेलकावा निरोप म्हणून पाठवला, तर खाली पंप चालू-बंद, चालू-बंद होत राहील. पंप सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट विजेचा प्रवाह ओढते. असे वारंवार झाले तर तिचे वाइंडिंग तापून जळते. म्हणून आवकीला थोडा धीर शिकवावा लागतो. संपर्क सलग काही सेकंद टिकला, तरच तो खरा मानायचा. आणि पंप थांबवायची पातळी व सुरू करायची पातळी यांत चांगले अंतर ठेवायचे.

आता दुसऱ्या प्रकारची आवक. कधी नुसते ‘भरली’ किंवा ‘रिकामी’ एवढे पुरत नाही, पाणी किती आहे हे हवे असते. त्यासाठी टाकीत पातळी-मापक सोडतात. तो पाण्याची उंची विजेच्या प्रवाहात सांगतो, आणि त्याची भाषा जगभर बहुतेक एकच आहे: ४ ते २० मिलिअँपिअर. पाणी शून्य असेल तर ४, आणि मापकाची पट्टी पूर्ण भरली तर २०.

कोणीही विचारील, शून्यासाठी शून्यच का नाही? चारपासून मोजायला सुरुवात का? यात मोठे शहाणपण आहे. शून्य पाण्याला शून्य प्रवाह ठेवला असता, तर तार तुटली तेव्हाही शून्यच आले असते, आणि टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे हे ओळखता आले नसते. चार आले तर मापक जिवंत आहे आणि पाणी नाही. शून्य आले तर पाण्याविषयी काहीच कळलेले नाही, मापकच गप्प झाला आहे. पण हे शहाणपण पेटीला आपोआप येत नाही. सुमारे साडेतीनच्या खाली प्रवाह गेला तर तो बिघाड समज, हे तिला सांगावे लागते. सांगितले नाही, तर काही पेट्या त्याला रिकामी टाकी समजतात आणि पंप सुरू ठेवतात.

पट्टीचा घोळही येथेच होतो. आपली टाकी ५ मीटर खोल आहे. मापक बाजारातून आणला तो १० मीटरचा. हरकत काही नाही, पण पेटीला तसे सांगायला हवे. आपण टाकीकडे पाहून पेटीत ‘० ते ५’ असे भरले, तर काय होईल? टाकी काठोकाठ भरली म्हणजे ५ मीटर. १० मीटरच्या मापकाला ती अर्धी पट्टी, म्हणून तो १२ मिलिअँपिअर देणार. ५ मीटरची पट्टी भरलेली पेटी त्या १२ चा अर्थ लावणार अडीच मीटर. टाकी वाहू लागली तरी पेटी म्हणणार, अजून अर्धी आहे! म्हणून पट्टी भरताना टाकीकडे पाहू नये, मापकावर कोरलेला आकडा वाचावा. शिवाय पुष्कळ पेट्यांत तीच आवक प्रवाहासाठी किंवा व्होल्टेजसाठी वापरता येते, आणि ते आतल्या छोट्या कळीने किंवा संगणकावरच्या एका चौकटीने ठरते. ती कळ भलतीकडे राहिली, तर बाकीचे सगळे बरोबर असूनही आकडे वेडेवाकडे येतात.

आवक झाली. आता जावक, आणि खरा जिवाचा प्रश्न येथेच आहे.

खालच्या पेटीच्या जावकीला एक रिले असतो, आणि तो पंपाच्या स्टार्टरला चालू किंवा बंद करतो. वरून ‘पाणी हवे’ असा निरोप आला की रिले ओढला जातो. ‘भरली’ असा आला की सुटतो. यात अवघड काही नाही. अवघड प्रश्न असा: वरून काहीच आले नाही तर?

याबाबतीत माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. एका गावात अशीच पेट्यांची जोडी मी बसवली होती. टेकडीवर वीज नव्हती, म्हणून वरच्या पेटीला सौर पाटी आणि बॅटरी दिली होती. सगळे छान चालले. मी तपासणीच्या कागदावर सही केली आणि घरी आलो. जुलै महिना लागला. आठवडाभर सूर्य दिसला नाही, बॅटरी उतरत गेली आणि एका रात्री वरची पेटी निमूटपणे बंद पडली. तिचा शेवटचा निरोप होता, ‘पाणी हवे’. खालच्या पेटीला मी निरोप थांबल्यावर काय करायचे हे सांगितलेच नव्हते. कारखान्यातून ती जशी आली होती तशीच मी ठेवली होती, आणि ती अशी होती: शेवटचा निरोप धरून बसायचे. पेटी धरून बसली. पंप रात्रभर चालला. टाकी भरली आणि ओसंडली, आणि टेकडीच्या ओघळीतून ते पाणी खालच्या दोन घरांत शिरले. कोणाला इजा झाली नाही, हे दैव. पण एका घरात वर्षाचे धान्य भिजले. सकाळी मी तेथे गेलो तेव्हा त्या घरातली म्हातारी ओली ज्वारी सुपाने उपसत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, “चार दिस नळाला पाणी न्हाई आन् आज न बोलावता घरात आलं.”

पेटी बिघडली नव्हती. तिला सांगितले तेच तिने केले. न सांगितलेले मात्र माझे होते.

तेव्हापासून मी कोणतीही पेटी बसवताना आधी हाच प्रश्न विचारतो: मौनाचा अर्थ काय धरायचा? याची उत्तरे तीन असू शकतात. थांब, चालू कर, किंवा आहे तसाच राहा. बहुतेक पेट्यांत प्रत्येक जावकीसाठी यांतले एक निवडता येते. टाकी भरणाऱ्या पंपासाठी उत्तर ‘थांब’ हे आहे. पण सगळीकडे तेच नाही. रस्त्याखालच्या भुयारी मार्गातले पावसाचे पाणी उपसणारा पंप घ्या. दूरच्या कचेरीशी संपर्क तुटला म्हणून तो थांबला, तर वाहने पाण्यात अडकतील. त्याने तेथल्याच फ्लोटवर चालत राहावे. कालव्याचे दार अर्धे उघडे असताना निरोप तुटला, तर ते एकदम मिटवणेही धोक्याचे आणि सताड उघडणेही धोक्याचे. त्याने आहे तेथेच राहावे आणि भोंगा वाजवावा. म्हणून हे उत्तर पेटी बसवणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. पंपचालकाला विचारावे, अभियंत्याला विचारावे, आणि टाकीखाली कोणाची घरे आहेत हेही पाहून यावे.

दुसरा प्रश्न वेळेचा. मौन किती वेळ टिकले म्हणजे ते मौन म्हणायचे? यासाठी वरच्या पेटीला हजेरी द्यायला लावतात. काही बदल झाला की लगेच निरोप, आणि काहीच बदलले नाही तरी दर ३० सेकंदांनी ‘मी आहे, टाकी तशीच आहे’ असे सांगायचे. एखादी हजेरी वाऱ्यापावसात हुकणारच, तेवढ्यावर पंप थांबवला तर गाव हैराण होईल. मग किती हजेऱ्या माफ करायच्या? याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, हिशेब करावा.

आपली टाकी दोन लाख लिटरची आणि ५ मीटर खोल, म्हणजे तिचा तळ ४० चौरस मीटर. फ्लोट ओसंडण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर बांधला आहे. तेवढ्या जागेत १२ हजार लिटर मावतात. पंप तासाला ६० हजार लिटर फेकतो, म्हणजे मिनिटाला एक हजार. तेव्हा फ्लोटपासून काठापर्यंत आपल्या हाती बारा मिनिटे आहेत, तीही गावाला पाणी सोडलेले नसेल असे धरून. नेमक्या त्याच वेळी संपर्क तुटला तरी पंप बारा मिनिटांच्या पुष्कळ आत थांबला पाहिजे. तीन मिनिटांची मुदत दिली, तर पाच हजेऱ्या हुकल्या तरी चालते, सहावी आली नाही की पंप बंद. गावही हैराण होत नाही आणि टाकीही वाहत नाही. श्रोत्यांनी आपापल्या टाकीचा हिशेब असाच करावा, आकडे वेगळे निघतील.

जावकीची आणखी एक गोष्ट. पंपघरात ‘पंप चालू’ असा दिवा असतो. तो दिवा कशावरून लागतो? पुष्कळ ठिकाणी तो हुकुमावर लागतो. पेटीने ‘चालू’ म्हटले की दिवा लागला. पण हुकूम सुटला म्हणजे अंमल झाला असे नव्हे. वीज गेली असेल, स्टार्टर ट्रिप झाला असेल. म्हणून स्टार्टरच्या जास्तीच्या संपर्कावरून एक वेगळी तार पेटीच्या आवकीत आणावी. पंपाने उलट निरोप द्यावा, ‘होय, मी फिरतो आहे.’ त्याच न्यायाने वरच्या पेटीने आपल्या बॅटरीचे व्होल्टेजही कळवत राहावे. माझ्या त्या गावात एवढी एक आवक जोडलेली असती, तर बॅटरी उतरते आहे हे मला चार दिवस आधी कळले असते.

कोणी म्हणेल, ही लहान गावातल्या लहान टाकीची गोष्ट. मोठ्या ठिकाणी मोठे अभियंते असतात, तेथे असे होत नाही. आवकीच्या चुका मोठ्या ठिकाणीही तशाच होतात. अमेरिकेत मिझूरी राज्यात टॉम सॉक नावाचे वीजकेंद्र आहे. रात्री पाणी पंपाने डोंगरावरच्या जलाशयात चढवायचे आणि दिवसा खाली सोडून वीज करायची, अशी तेथली रीत. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे तो जलाशय भरत होता. पाण्याची पातळी मोजणारे मापक ज्या नळ्यांत होते, त्या नळ्या आपल्या जागेवरून सुटल्या होत्या, आणि मापक खऱ्यापेक्षा कमी पाणी दाखवीत होते. अखेरचा उपाय म्हणून वर आणखी दोन संवेदक बसवलेले होते. पण ते भिंतीच्या सर्वांत सखल जागेपेक्षाही उंचावर होते. शिवाय मांडणी अशी होती की, दोन्ही भिजले तरच पंप थांबावा, एक भिजून भागणार नव्हते. पाणी भिंतीवरून वाहू लागले, भिंत फुटली आणि पन्नास लाखांहून अधिक घनमीटर पाणी डोंगरउतारावरून धावले. खालच्या उद्यानाच्या अधीक्षकांचे घर वाहून गेले. आईबाप आणि तीन लहान मुले पाण्यात सापडली. पाचही जण वाचले, पण कडाक्याच्या थंडीत.

तेथे लहरीचा दोष नव्हता. मापक कोठे बांधला, संवेदक किती उंचीवर लावला, ‘एक किंवा दुसरा’ म्हटले की ‘एक आणि दुसरा’ म्हटले, एवढ्याच या गोष्टी. आवकीच्या वहीतल्या दोन-तीन नोंदी.

मग सामान्य माणसाने, ग्रामपंचायतीच्या सभासदाने, पंपचालकाने काय करावे? पेटी नवी बसली की सही करण्याआधी तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली, फ्लोटची एक तार स्क्रू ढिला करून काढावी आणि पंप थांबतो की नाही हे पाहावे. दुसरी, वरच्या पेटीची वीज बंद करून घड्याळ हातात धरावे, ठरलेल्या मिनिटांत पंप थांबला पाहिजे. अँटेना काढून ही परीक्षा घेऊ नये. अँटेनेवाचून पेटी बोलू लागली तर तिला इजा होण्याचा संभव असतो. तिसरी, टाकीत काठी घालून पाणी मोजावे आणि पेटीचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. एकदा टाकी अर्धी असताना आणि एकदा भरलेली असताना. याच परीक्षा दर वर्षी मृगाच्या आधी पुन्हा घ्याव्यात.

पेटीत जे जे भरले, ते सगळे एका कागदावर मराठीत लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावे. कोणती तार सुटली म्हणजे काय, पट्टी किती मीटरची, हजेरी किती सेकंदांची, मुदत किती मिनिटांची, आणि मौन झाले तर पंपाने काय करायचे. बसवणारा तंत्रज्ञ उद्या दुसरीकडे जाईल. कागद तेथेच राहील. आणि एक गोष्ट कधीही बिनतारी पेटीच्या भरवशावर सोडू नये. मोटार तापली, विहिरीतले पाणी संपले, कोणाचा हात अडकला, अशा वेळी पंप थांबवणारी कळ स्टार्टरपाशीच, तारेनेच जोडलेली असावी. लहर येईल किंवा येणार नाही. तार हाताशी असते.

श्रोतेहो, तुम्ही आता माझा आवाज ऐकत आहात. तो मध्येच बंद पडला, तर तुम्ही रेडिओ हलवून पाहाल, शेजाऱ्याला विचाराल, थोडा वेळ वाट पाहाल. माणसाला मौनाचा अर्थ स्वतःहून लावता येतो. पेटीला तो येत नाही. तिच्यासाठी तो आपण आधीच ठरवून, लिहून आणि पारखून ठेवावा लागतो. एवढे केले, तर टेकडीखालच्या घरात धान्य कोरडे राहील.